आवाजावर काम नाही

"आवाजावर काम न्हाई करायचं, बाई. बोटावर करायचं."

असं म्हणताना ते उजवा हात पुढे धरायचे आणि अंगठ्यानं एकेका बोटाचं टोक चाचपायचे, दुकानात कुणी कापडाचा पोत बघावा तसं. चारही बोटं जागेवर आहेत अशी खात्री झाली की हात परत खिशात जायचा. खिशातच असायचा तो बहुतेक वेळ, कारण त्या हाताला कंप होता. चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा बशीत आलेला असे.

आमच्या कॉम्प्लेक्सचे ते दिवसपाळीचे वॉचमन. जिन्याखाली त्यांची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीच्या पाठीला टांगलेली पिशवी, पिशवीत डबा. मी त्यांना मामा म्हणायचे. सगळेच म्हणायचे. असा माणूस तुमच्याही जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल. आपण वर्षभर त्याच्या शेजारून जातो, तो हात कपाळाला लावतो, आपण मान हलवतो, आणि त्याचं आडनाव काय हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं.

केजला माझा टायपिंगचा क्लास आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. त्याआधी सहा वर्षं मी पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ तपासायचं काम करत होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आले. कंपनीनं थोडं काम इथून करायला दिलं आणि एके दिवशी कुरियरनं एक मोठा खोका पाठवला. त्यात डोळ्यांवर चढवायचा हेडसेट होता, एक जॉयस्टिक होती आणि वेग कमीजास्त करायचा एक दांडा.

खेळ अंतराळयानाचा. हेडसेट चढवला की क्लासची खोली नाहीशी होते आणि आपण यानाच्या खुर्चीत बसलेले असतो. समोर काच, काचेबाहेर काळोख आणि तारे. मान वळवावी तिकडे तेच. यान चालवायला चाळीसेक बटणं. आणि गंमत अशी की डोळे पूर्ण झाकलेले असल्यामुळे टेबलावरचा खरा कीबोर्ड अजिबात दिसत नाही. हेडसेट घातलेल्या माणसाला ही बटणं सांभाळता येतात का, अडचण कुठे येते, हे मी कंपनीला लिहून पाठवायचं होतं.

मी टायपिंगची बाई. "कीबोर्डकडे बघू नका" हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. मला वाटलं, हे तर आपल्या हातचं. पण टायपिंग करताना हात कीबोर्ड सोडत नाहीत. इथे ते सारखे जॉयस्टिककडे जात आणि परत येताना वाट चुकत. पहिल्याच दिवशी उतरण्यासाठी चाकं खाली सोडायच्या ऐवजी मी यानातला सगळा माल अवकाशात फेकून दिला. दुसऱ्या दिवशी दिवे लावायला गेले आणि इंजिन बंद पडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा असताना मी अशीच चाचपडत होते. दाराकडून आवाज आला.

"बाई, तुमची येक पोरगी गाडी टायरवाल्याच्या दारात लावून गेलीय, ती काढाय लावा म्हनतोय. तुमी आंधळी कोशिंबीर खेळताव काय?"

मी हेडसेट काढला. मामा उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते टेबलाजवळ आले, कीबोर्डवर हात ठेवला आणि चक्क डोळे मिटले. दोन मिनिटं बोटं फिरत राहिली. मग म्हणाले, "ह्या दोन बटनांनाच पुरळ कावून आलंय?"

प्रत्येक कीबोर्डवर दोन बटणांना बारीक उंचवटा असतो, बोटांना जागा कळावी म्हणून. मी वर्षानुवर्षं मुलांना तो हात धरून दाखवते. न सांगता तो सापडलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी त्यांना हेडसेट घालून बघा म्हटलं. पहिल्यांदा घालणारी माणसं काय करतात हे मी पुण्यात शेकड्यानं पाहिलंय. कुणी किंचाळतं, कुणी हसतं, कुणी हवेत हात मारतं. मामांनी यातलं काही केलं नाही. सावकाश मान खाली घातली आणि आपल्या पायांच्या मधल्या काळोखात बघत राहिले.

"बाई, ह्याचा तळ कुठं हाय?"

"अंतराळाला तळ नसतो, मामा."

त्यांनी मान आणखी खाली वाकवली. मग म्हणाले, "तळ न्हाई आसं नसतं. दिसत न्हाई, आसं आसतं."

मी त्यांचा हात धरून जॉयस्टिकवर ठेवला. आणि माझ्या लक्षात आलं की त्या हाताचा कंप थांबला होता. कुणी चालू पंख्याचं बटण बंद करावं, तसा.

दुसऱ्या दिवशी ते रुमालाची गाठ घेऊन आले. गाठीत ज्वारीचे दाणे, शर्टाचं एक बटण, सुतळीचा तुकडा, काचकागदाची चिंधी आणि बायकोच्या पाकिटातून आणलेली खड्याची टिकली. हे सगळं त्यांनी डिंकानं माझ्या कीबोर्डवर चिकटवलं. चाकांच्या बटणाला ज्वारी, दिव्याला टिकली, इंजिन बंद करायच्या बटणाला काचकागद. "हे चुकून दाबलं न्हाई पायजे. बोटाला बोचलं की हात आपसूक थांबतो."

मग त्यांनी बटणांची छाटणी सुरू केली.

"हे काय करतं?"

"लढाईत गोळे सोडायला."

"आपल्याला कुनाशी भांडायचंय? काढा."

अशी अकरा बटणं गेली. उरलेल्यांची त्यांनी वाटणी केली. "येका येळी येका हाताला चार कामं. पाचवं दिलं की हात पहिलं इसरतो." जास्त लागणारी कामं जॉयस्टिकवरच घेतली, थोडंसं दाबलं की एक काम, दाबून धरलं की दुसरं. आठवडाभरात मामा ते यान असं चालवू लागले की मी बघत बसायचे. फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून आत जाताना त्यांच्या खांद्याची हालचालसुद्धा होत नसे. हलायची ती फक्त बोटं.

हे सगळं मी अहवालात लिहिलं. कंपनीला फार आवडलं. तपासणारा कोण म्हणून विचारणा आली. मी मामांना विचारलं, तुम्ही आधी काय करत होता?

"यारी चालवायचो," ते म्हणाले.

विहीर खोदताना तळातला दगड आणि मुरूम वर ओढून काढणारं जे यंत्र काठावर उभं असतं, ती यारी. इंजिन, एक मोठं चाक, चाकावर गुंडाळलेला तारेचा दोर, दोराच्या टोकाला लोखंडी बकेट. खाली माणसं बकेट भरतात, वर बसलेला चालक क्लच आणि ब्रेकवर ती ओढून घेतो. त्याला खालची माणसं दिसत नाहीत. आमच्या भागात अशा यारीवर कितीतरी विहिरी निघाल्या. मामांनी किती काढल्या विचारलं तर ते म्हणाले, "मोजल्या न्हाईत," आणि खाली निघून गेले.

मग कंपनीनं नवं काम पाठवलं. बटणं दाबण्याऐवजी तोंडानं हुकूम देऊन यान चालवता येतं का ते बघा. त्यासाठीचा प्रोग्राम मी कॉम्प्युटरवर टाकला. त्याला आधी आपला आवाज शिकवावा लागतो. मी माझ्या आवाजात पाच शब्द शिकवले. वर, खाली, चाकं, दिवे, थांब. हेडसेटच्या माईकमध्ये "थांब" म्हटलं की यान जागच्या जागी उभं राहायचं. मला तर ते फारच सोयीचं वाटलं.

मामांना नाही वाटलं. "न्हाई बाई. आवाजावर काम न्हाई करायचं."

"अहो, कीबोर्ड शोधायचीच गरज नाही."

"लागू द्या शोधाय."

मी पुन्हा सांगून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी विषय सोडून दिला. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं मनात म्हटलं. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

त्या खेळात एक लहानसा चंद्र होता. त्यावर हवा नाही, उजेड नाही, नुसता करडा दगड. त्या दगडात मामांना एक खोल उभी भेग सापडली. ते तिला हीर म्हणत. अडीच वाजता टायरवाला जेवायला जाई, कॉम्प्लेक्समध्ये सामसूम होई, आणि मामा वर येत. हेडसेट घालत, त्या चंद्रावर जात आणि भेगेत उतरायला लागत. सावकाश, हातहात मोजल्यासारखे. अगदी खाली गेले की टिकलीवर बोट जाई, दिवे बंद. काचकागदावर बोट जाई, इंजिन बंद. मग मान उजवीकडे कलती करून बसून राहत.

मला बाहेरच्या पडद्यावर त्यांना दिसणारंच दृश्य दिसायचं. म्हणजे काहीच दिसायचं नाही. काळा पडदा, आणि स्पीकरमधून येणारा त्यांच्याच श्वासाचा आवाज.

"मामा, काय करताय?"

"बसलोय."

"कुणाची वाट बघताय का?"

"उगं."

वीस मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा ते गेल्यावर मी हेडसेट घातला. यान तिथेच होतं, तळाशी, दिवे बंद. मी खेळ बनवणाऱ्या लोकांत काम केलेली बाई, त्या दगडाच्या मागे काही नाही हे मला पक्कं ठाऊक. तरी त्या काळोखात बसल्यावर काही वेळानं मला वाटायला लागलं की माझ्या पायांच्या खाली कुणीतरी श्वास रोखून थांबलंय, मी आधी बोलावं म्हणून. मी हेडसेट ओढून काढला. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, पंखा फिरत होता. पुढचा तासभर माझ्या पायांच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या.

एका मंगळवारी मामा नेहमीसारखे भेगेत होते. मी दोन बाकं सोडून पेपर तपासत बसले होते. त्या दिवशी दिवे न लावताच त्यांनी यान वर घ्यायला सुरुवात केली. आणि मध्येच त्यांचा आवाज आला, जरा चढलेला.

"बाई, तुमी थांबीवलंत का?"

"काय?"

"यान. थांबलं बगा. म्या हात लावला न्हाई."

मी उठून गेले. त्यांचा हात दांड्यावर पुढे रेटलेला होता, यान मात्र हलत नव्हतं. मी पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, दिवे लावा. टिकलीवर बोट गेलं. उजेड पडला. यानाच्या काचेवर, अगदी डोक्यावर, दगडाची एक मोठी कपार पुढे आलेली होती. हात वर केला तर लागेल इतकी जवळ. आणखी एक श्वासभर वर आले असते तर त्यावर आपटले असते.

तेव्हा मला आठवलं की सकाळी मी तो आवाजाचा प्रोग्राम चालू केला होता आणि बंद करायला विसरले होते. मी त्याची नोंद उघडली. ऐकलेल्या प्रत्येक हुकमाची ओळ त्यात येते. शेवटची ओळ होती, "थांब". वेळ, एक मिनिटापूर्वीची.

मामांनी हेडसेट काढला. घामानं कपाळ ओलं झालेलं.

"म्या बोललो न्हाई," ते म्हणाले. "तुमी बोललाव का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. पेपर तपासताना मी पुटपुटते, ही माझी जुनी सवय. एखाद्या मुलानं फार चुका केल्या की "थांब रे बाबा" असंही म्हणत असेन. पण माईक दोन बाकं पलीकडे, त्यांच्या तोंडाशी होता. मी त्यांना म्हटलं, खालचा हवेचा कॉम्प्रेसर फुस्स करतो, तोच प्रोग्रामला शब्द वाटला असेल. ते म्हणाले, टायरवाला जेवायला गेलाय, दुकानाचं शटर खाली आहे. ते खरंच होतं. नंतर मी चार दिवस तो कॉम्प्रेसर चालू असताना प्रोग्राम लावून ठेवला. एकदाही त्यानं काही ओळखलं नाही. मी बोलले नव्हते असं मला वाटतं. शपथ घ्यायला सांगितलंत तर मात्र आजही माझी जीभ अडेल.

मामा बाकावर बसले. हात पुन्हा कापायला लागला होता. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"सुदाम म्हनून माजा जोडीदार व्हता. सतरा वर्सं त्यो खाली, म्या वर. मला त्यो दिसायचा न्हाई, त्याला म्या दिसायचो न्हाई. काठावर येक गडी उभा ऱ्हायचा. त्यो खाली बगून मला हातानं दावायचा, वढ, थांब, सोड. त्या दिशी त्यो गडी डिझेल आनाय गेलता. थांबाय पायजे व्हतं म्या. पर दोनच बकेटा ऱ्हायल्यात्या. म्हनलं, आवाजावर काढू."

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच बाजूला ठेवला.

"खालून आवाज आला. वढ. म्या वढलं. बकेट कपारीला आडकली व्हती, बाई. भरल्याली. ती उलटी झाली."

पंखा फिरत होता.

"समदे म्हनले, तुजी काय चूक, त्यानंच वढ म्हनलं. पंचनाम्याला बी म्या तेच सांगितलं. पर हिरीतला आवाज कसा आसतो तुमाला ठावं न्हाई. त्याचं शेपूट खालीच ऱ्हातं. त्यो 'वढू नको' म्हनला आसंल, आन् 'नको' वर आलंच नसंल. आठ वर्सं झाली, म्या रोज ऐकतो ते. कवा वढ ऐकू येतं, कवा वढू नको."

मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. तिथे ती एकच ओळ अजून होती.

"आज त्यानं दुसरा शबुद घेतला बगा. थांब. ह्याचं काई खाली ऱ्हात न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणाचं तरी पत्र आल्यासारखा तो चेहरा होता, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

त्यानंतर ते रोज येऊन म्हणायचे, "ते आवाजाचं लावून ठिवा." आवाजावर काम न करणारा माणूस आता आवाजासाठी बसू लागला. अडीचचे चार वाजायचे, खाली खुर्ची रिकामी असायची. नोंदीत एकही ओळ उमटत नव्हती. मी प्रोग्राम बंद करायचं बघितलं तर ते हात जोडायचे. जेवण कमी झालं, गालांची हाडं वर आली.

एके दिवशी त्यांची बायको क्लासमध्ये आली. ठेंगणी, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी ह्यांना काय दावताव वो? घरी रातचं डोळे मिटून बसत्यात, आन् हात आसे आसे हालवत्यात. हाक मारली तर म्हनत्यात, गप, ऐकू दे. मला भेव वाटतंय."

मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सगळं सांगितलं. सुदामचं नाव काढताच त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याच्या मातीला बी हे गेले न्हाईत," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातूनच आडवाटेनं घरी आले. त्याच्या बायकूचं त्वांड आजून बगितलं न्हाई. पयले दोन-तीन वर्सं तिचे निरोप येयाचे. म्या सांगायची, तर हे उटून भायेर जायचे."

मी त्याच आठवड्यात कंपनीला कळवलं की माझं काम संपलंय, सामान परत पाठवते. मामांना सांगितलं तेव्हा ते जिन्याखाली उभे होते. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "येकदा जाऊन येतो."

ते शेवटचं उतरणं मी पडद्यासमोर उभी राहून पाहिलं. त्यांना घाई नव्हती. तळाला गेले, टिकली, काचकागद, काळोख. मान कलती. मी घड्याळाकडे बघत नव्हते, पण बराच वेळ गेला असावा. आणि मग मामा बोलले. मोठ्यानं, खालच्या माणसाला ऐकू जावं तसं, प्रत्येक शब्द तोडून.

"सुदाम. म्या वढ ऐकलं रं. म्या वढलं. गडी काठावर नव्हता. त्याला म्याच धाडलं व्हतं."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नसावं. तो गडी डिझेल आणायला आपणहून गेला नव्हता.

स्पीकरमधून त्यांचा श्वास तेवढा येत होता. मी नोंदीकडे बघत होते. एखादी ओळ उमटली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. उमटली नाही.

त्यांनी स्वतःच्या हातानं हेडसेट काढला.

"न्हाई बोलला," ते म्हणाले. "बरं झालं."

"का हो मामा?"

"त्याच्याकडून ऐकायचं काई ऱ्हायलं नसंल. मलाच सांगायचं ऱ्हायलंय. पर हितं न्हाई." मग जरा थांबून, "तुमी येताव का संगं, माय? येकट्याचा पाय उचलायचा न्हाई."

रविवारी क्लास बंद होता. आम्ही जीपनं मांजरसुंब्याला गेलो, तिथून दुसऱ्या जीपनं कपिलधारच्या बाजूला. गावाच्या अलीकडे उतरलो आणि त्यांनी रस्ता न विचारता बरोबर घर गाठलं.

सुदामची बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वर बघितलं, आणि हातातली शेंग तशीच राहिली. उठली नाही. या म्हणाली नाही. मामा तिच्यापासून चार हातांवर जमिनीवरच बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"वैनी," मामा म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. पेट्रोलच्या टाकीतलं सगळं तेल एका दमात सांडावं तसं नाही, थांबत थांबत, पण काही न वगळता. गड्याला आपणच पाठवलं. आवाजावर काम केलं. वढ ऐकलं. ते वढू नको असेल. आठ वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

ती ऐकत होती. मध्येच एक शेंग सोलायची, दाणे सुपात टाकायची. मामांचं संपलं तरी ती शेंगाच सोलत होती. माझ्या मनात आलं, आता ही उठून आत जाईल आणि दार लावून घेईल.

"तुमाला येक सांगू का भावजी," ती शेवटी म्हणाली. "आमचे हे 'नको' कवाच मागं ठिवायचे न्हाईत. पोरगी चुलीकडं रांगत निगाली तरी 'नको नको नको' आसं तीनदा आदी, मग बाकीचं. समद्या गल्लीला ऐकू जायाचं. तुमी सतरा वर्सं त्यांच्या संगं. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मामांनी मान वर केली. काहीतरी आठवू पाहणारा चेहरा.

ती खरं सांगत होती की समोरच्या माणसाची दया येऊन सांगत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"गडी धाडला ती तुमची चूक," ती म्हणाली. "ती तुमची तुमच्यापाशी ठिवा, ती म्या घेत न्हाई. पर आठ वर्सं मला वाटलं, ह्यो मानूस माज्या पाटच्या भावासारका, आन् आमचे हे गेल्यावर त्यानं आमाला टाकलं. पोरीचं लगीन झालं. मामाच्या जागी उभा ऱ्हायाला कुनी नव्हतं. तिनं तुमचं नाव काडलंतं."

मग मामा रडले. आवाज न करता, दोन्ही हात जमिनीवर टेकून. तिनं सूप बाजूला सरकवलं, आत गेली आणि भाकरी थापायचा आवाज येऊ लागला. आम्ही जेवूनच निघालो.

पुढच्या महिन्यात मामांनी वॉचमनचं काम सोडलं. मला सांगायला वर आले होते, चपला उंबऱ्याबाहेर काढून. सुदामच्या बायकोचं दोन एकर रान कोरडवाहू पडलं होतं, ते बघायला माणूस नव्हता. नवराबायको दोघंही तिकडेच जाऊन राहणार होती. "रान चांगलं हाय," एवढंच बोलले. हेडसेटबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी तो कधीच परत पाठवलेला होता. जिन्याखाली आता दुसरे गृहस्थ बसतात. दिवसभर मोबाइल बघतात.

त्यानंतर मी मामांना एकदाच पाहिलं. मी बीडहून परत येत होते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटी थांबली होती, ढाब्यांसमोर ही गर्दी, ट्रकचे हॉर्न, फळवाल्यांची ओरड. रस्त्याच्या कडेला मामा उभे होते. खांद्यावर बियाण्याचं पोतं, पलीकडे जायला वाट बघत. अंगानं भरले होते. मी खिडकीतून बाहेर वाकून जोरात हाक मारली, "मामाऽऽ!"

एवढ्या गोंगाटात ती त्यांना लगेच ऐकू गेली. "ओ!" त्यांनी ताबडतोब दिली. पण त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही, रस्त्याकडे नाही, गर्दीकडेही नाही. पोतं सावरत ते किंचित वाकले आणि आपल्या पायांजवळच्या डांबराकडे, खाली बघत राहिले, कुणीतरी पुढचं बोलेल म्हणून.

तेवढ्यात एसटी सुटली.